पाठमोऱ्या घरांची आळी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक आळी डोळ्यांसमोर आणा. बैलगाडी कशीबशी जाईल एवढीच रुंद. दोन्ही बाजूंना घरं आहेत, पण या आळीकडे तोंड असलेलं एकही घर नाही. ओटा नाही, तुळस नाही, खिडकी नाही. वर्गातली सगळी मुलं रुसून भिंतीकडे तोंड करून बसावीत, तशी घरं पाठ फिरवून बसली आहेत. आळी सरळही नाही. कोयत्याच्या पात्यासारखी वळत जाते.

आता उजव्या हाताची भिंत बघा. तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर तिच्यात जाड लोखंडी कड्या रोवल्या आहेत. बैल बांधायला म्हणाल, तर बिचाऱ्याला मान जमिनीला टेकवून उभं राहावं लागेल. कड्यांच्या मधेमधे, अगदी जमिनीलगत, अर्ध्या चंद्रासारखी भोकं आहेत. परातीएवढी रुंद, वीतभर उंच. त्यांच्यात पालापाचोळा आणि कोळिष्टकं भरली आहेत. आणि एका ठिकाणी, भिंतीला चिकटून, एक दगडी पायरी. एकच. ती कुठं चढत नाही की उतरत नाही.

दिसली? नीट बघून ठेवा. या गोष्टीतल्या चोरीचं बरंचसं उत्तर तुम्ही आत्ताच पाहिलंत. फौजदार बोराट्यांनाही ते दिसलं होतं. पण दिसणं निराळं आणि उमगणं निराळं, म्हणून तर त्यांची ती दुपार इतकी वाईट गेली.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. खारघरला तेव्हा उंच असा फक्त डोंगर होता, करंजाड्याला भाताची खाचरं होती आणि त्या सगळ्या मुलखाचं शहर म्हणजे पनवेल. चैत्री पौर्णिमेची दुपार. बोराटे चौकीत बसून भाकरीचा पहिला घास मोडत होते, तेवढ्यात हवालदार कान्हा धापा टाकत आत आला.

"सायेब, चला! आईचा मुखवटा गेला!"

"कुठं गेला?"

"ते ठाव असतं तर पलत आलो असतो का?"

बोराट्यांनी भाकरी झाकून ठेवली आणि टोपी घातली. ते बार्शीकडचे, मोकळ्या रानातले. बदली होऊन आल्यापासून या गावानं त्यांचा छळ मांडला होता. कोळीवाड्याला निघावं तर मोहल्ल्यात पोचावं, तळ्याकडे निघावं तर पुन्हा चौकीशीच यावं. एकच रस्ता त्यांना आवडायचा, बाजारपेठेचा. रुंद, सरळ, माणसाला कळेल असा. आणि मुखवटा गेला होता नेमका त्या पाठमोऱ्या घरांच्या आळीत. तिला वखारआळी म्हणत, पण तिथं मालाची वखार असल्याचं हयात माणसांना आठवत नव्हतं.

कोळीवाड्याच्या खाडीआईची पालखी दरसाल या पौर्णिमेला निघायची. भर दुपारी देवळातून बाहेर पडायची, गावातून फिरून दिवे लागायच्या आत परत यायची. पालखीत आईचा चांदीचा मुखवटा, नारळाएवढा. तोच आता नव्हता. नुसती गादी होती आणि विस्कटलेली झेंडूची फुलं. पालखी त्या एकाकी पायरीवर टेकवलेली होती. आळीच्या दोन्ही तोंडांशी कोळी बाया कंबरेला पदर खोचून उभ्या होत्या. मुंगीलाही बाहेर सोडणार नाही, अशा.

"काय झालं ते नीट सांगा," बोराटे म्हणाले.

कोळीवाड्याचे वडीलधारे जानू नाखवा पुढं झाले. पांढऱ्या मिशा, डोक्यावर लाल टोपी, आणि आवाज समुद्रावर ओरडून ओरडून बसलेला.

"पालखी पायरीवर टेकवली. ढोल थांबला. समद्यांनी पाठ फिरवली, डोले मिटले. शंख वाजला, वलून बघतो तर आई नाय."

"पाठ का फिरवली?"

"इथं आई पान्याला भेटते. ती भेट कोनी बघायची नाय."

"तोंड कुठं केलं होतं?"

"पान्याकरं."

बोराट्यांनी समोर पाहिलं. समोर शेवाळलेली भिंत होती. "पाणी कुठंय, नाखवा?"

जानू नाखव्यांनीही भिंतीकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच. "आजा असाच उभा ऱ्हायचा. बापूस ऱ्हायचा. आमी ऱ्हातो."

"आणि ही पायरी कशाची?"

"पालखी टेकवायची."

"मग भर उन्हात कशाला निघता? लोक सकाळी काढतात पालख्या."

"पुनवेचं पानी भरलं का आई निघते. उद्या तुमी इचाराल, पुनवच कशाला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बोराट्यांच्या कपाळाची शीर ताठली. प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि एकाही उत्तरात काही नव्हतं.

झडत्या आधीच झाल्या होत्या. बायांनी बायांना तपासलं, पुरुषांनी पुरुषांना. ढोलाच्या दोऱ्या सोडून आतसुद्धा बघितलं होतं. उजवीकडच्या भिंतीत, बऱ्याच अंतरावर, एक दार होतं, त्याला बाहेरून कुलूप आणि कुलपावर गंज. चोर आला कुठून आणि गेला कुठं? बोराटे पुन्हा पायरीपाशी आले. पायरीलगतच्या भोकात पाचोळा नव्हता, कोळिष्टक नव्हतं. बाकी सगळी बुजलेली आणि हे एकच साफ. मांजराची वाट असेल, असं म्हणून ते पुढं गेले.

हे त्यांचं पहिलं चुकलं.

"पालखीजवळ सगळ्यात शेवटी कोण होतं?" त्यांनी विचारलं.

 एक उंच, काळासावळा माणूस आपण होऊन पुढं आला. धर्मा त्याचं नाव. पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर असायचा. पालखी टेकवून सर्वांत शेवटी तोच पाठ फिरवायचा.

"काही पाहिलंस?"

"डोले मिटले होते."

"काही ऐकलंस?"

धर्मा गप्प.

"अरे, विचारतोय मी. ऐकलंस का काही?"

धर्मानं मान खाली घातली. ती काही केल्या वर येईना. लोकांत कुजबूज सुरू झाली. जानू नाखव्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"सायेब, दिवे लागायच्या आत आई देवलात बसली पायजे. नाय बसली तर धर्माचं घर गावाभायेर. त्याची होडी कोन पान्यात लोटनार नाय. त्याच्या चुलीला कोन इस्तू देनार नाय. आमचा कायदा हाय."

गर्दीतून एक मुलगी सुसाट आली आणि धर्माच्या पायाला बिलगली. दहा-अकरा वर्षांची असेल. वेणीत आजच्या सणाचा सुरंगीचा गजरा, तो निम्मा सुटलेला. ती धर्माची मैना.

"माज्या बापानं नाय घेतला!" ती फौजदारांवरच ओरडली. "तुमी शोदा ना! पोलीस कशाला झाले?"

प्रश्न बिनतोड होता. बोराटे धर्माला घेऊन चौकीकडे चालू लागले, त्याच्यावर संशय होता म्हणून कमी आणि त्या आळीत आणखी उभं राहवेना म्हणून जास्त. मैना मागोमाग आली आणि चौकीच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

थोड्या वेळानं तांदळाचे व्यापारी जयदेव शेठ आले. बाजारपेठेत त्यांचं मोठं दुकान होतं. गोरे, गोल, बोलायला गोड. बाकावर टेकून ते कपाळ पुसू लागले. शुभ्र धोतर, पण गडद काठावर एक पिठुळ पांढरी रेघ. तांदळाच्या व्यापाऱ्याच्या धोतराला पीठ असायचंच, असं म्हणून बोराट्यांनी नजर वळवली.

हे दुसरं चुकलं.

"वाईट झालं, साहेब. आरडाओरडा ऐकला आणि दुकानातून धावतच बाहेर आलो. कान्हा हवालदारांनी पाहिलं मला."

"हो सायेब," कान्हा म्हणाला. "मी वखारआलीच्या तोंडाशीच उभा होतो. पालखी आत शिरली तवा शेठ गल्ल्यावर होते. बोंब झाली तवा दुकानातनं पलत आले."

"मी दरसाल सांगतो नाखव्यांना," जयदेव शेठ म्हणाले, "त्या घाणेरड्या आळीतून आईला कशाला नेता? बाजारपेठेतून न्या. मी तर दुकानापुढं नवा ओटा बांधलाय. चुना अजून ओला आहे. पालखी तिथं टेकवा, नारळ माझा. आज आईनंच दाखवून दिलं, तिला ती आळी नको."

जानू नाखवाही धर्मामागोमाग येऊन दाराशी उभे होते. त्यांची मान किंचित हलली. आणि खरं सांगायचं तर बोराट्यांचीही हलली. सरळ रस्ता कुणाला नको असतो?

"आळी मग बंदच होईल," कान्हा म्हणाला. "पालखीशिवाय तिथं जातं कोन?"

"होईना का बंद," जयदेव शेठ हसले आणि उठून गेले.

ऊन कलू लागलं. बोराटे पुन्हा आळीत गेले. डोकं भणभणत होतं, पोटात भूक होती. त्यांनी त्या साफ भोकासमोर उभं राहून विचार केला. मांजर आत जात असेल, तर आत काहीतरी असणार. आत म्हणजे कुठं? भिंतीपलीकडे बाजारपेठेतलं दुकान. त्यांनी कान्हाला पायरीशी उभं केलं, आळीतून बाहेर पडले आणि बाजारपेठेतून पावलं टाकत बरोबर त्याच्या पाठीमागं येईल अशा दुकानापुढं थांबले.

दुकान कासिमभाईचं होतं. कासिमभाई गाड्यांची चाकं करायचा. पनवेलच्या चाकांना घाटावरसुद्धा मागणी असायची आणि त्यातही कासिमभाईच्या चाकांना.

"तळघर कुठंय तुमचं?"

"तळघर?" कासिमभाईनं लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. "साहेब, मला धड माळा नाही."

"दुकान तपासायचंय."

"तपासा ना. चाकांच्या आऱ्यांत बघा, तुंब्यात बघा. फक्त तयार चाकं घरंगळू देऊ नका, थेट खाडीत जातात."

बोराट्यांनी सगळं दुकान उलथं केलं. भुसा, लाकडं, चाकं. जमीन ठोकून पाहिली, घट्ट. त्यांनी कान्हाला हाक मारली. पलीकडून उत्तर आलं, पण समोरून नाही, कुठून तरी तिरपं, लांबून. तोवर दुकानापुढं माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "कासिमनं घेतला म्हनं." दुसऱ्यानं ते जरा मोठ्यानं म्हटलं.

 हे बोराट्यांनी केलं होतं. मोजून-मापून, सरळ रेषेत चालत येऊन.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत जानू नाखवा आले. "कोन बोलला? पालखीचे दांडे कासिमच्या आज्यानं करून दिलेत. आजून बदलायला लागले नायत. घरी जावा समदे!"

गर्दी पांगली. कासिमभाई खाली वाकून चाकं गोळा करू लागला. 

"माफ करा, कासिमभाई," बोराटे म्हणाले. ते असं सहसा म्हणत नसत. "माझं माप चुकलं."

"तुमचं कशाला चुकेल? घरच तिरकं आहे. ही भिंत बघा. दुकानात शिरताना सरळ वाटतं, पण मागं जाता जाता अख्खं घर डावीकडे सरकतं. कोपऱ्यात चाक ठेवायचं म्हटलं तर बसत नाही. शेजारच्यांचंही तसंच. वाडवडिलांनी असं का बांधलं, अल्ला जाणे."

 तिरकी घरं, वाकडी आळी, कुठं न जाणारी पायरी, नसलेल्या पाण्याला नमस्कार. हे गाव बोराट्यांची थट्टा करत होतं.

चौकीत परतले तेव्हा मैना आत बाकापाशी उकिडवी बसली होती. तिनं बाकाच्या काळ्या लाकडावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"ए! काय खातेस?"

"मीठ."

"कसलं मीठ? तिथं शेठ बसले होते. पीठ असेल तांदळाचं."

"पीठ गोड लागतं. ह्ये खारं हाय." ती गुरगुरली. "बापाच्या रुमालाला आसंच येतं. खाडीत उतरून आला ना, का सुकल्यावर पांढरी रेग. मी रोज धुते, मना ठाव नाय?"

बोराटे बाकाशी वाकले. मग त्यांनी बोट बाकावर फिरवलं आणि, भोवती कुणी नाही असं बघून, स्वतःही चाटलं.

खारट.

खाडी तर गावाच्या पार टोकाला. बाजारपेठेत कोरडी धूळ. गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या धोतराला खाडीचं पाणी लागलं कुठं?

ते आत धर्मापाशी गेले. मैना त्यांच्या आधी पोचली.

"बाबा, सांग ना तू काय ऐकलं. नाय सांगितलं तर आपल्याला भायेर काढतील."

धर्मानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगून काय व्हनार? आई गेली. मी ऐकली तिला जाताना."

"काय ऐकलंस?" बोराट्यांनी हळूच विचारलं.

"पाठ फिरवली आनि मागं फुलं सरसरली. मग पान्यात पाय परल्यासारखा आवाज झाला. चुबुक, चुबुक. सुक्या वखारआलीत, सायेब! आई पान्यात परत गेली. माज्याकडनं काय चुकलं आसंल म्हनून गेली. हे मी नाखव्याला कसं सांगू?"

बोराटे खाली बसले. चूल पेटवायच्या कोळशाचा एक तुकडा उचलून ते फरशीवर रेघा ओढू लागले. एक सरळ रेघ, बाजारपेठ. एक वाकडी रेघ, वखारआळी. मधल्या जागेत घरं, काढताना ती वेडीवाकडी तिरकी आली. कासिमभाईच्या दुकानासारखी.

"ह्या होड्या हायेत का?" मैनानं विचारलं.

"घरं आहेत."

"होड्यांवानी दिसतात. काठाला आमी आशाच लावतो. काठ वाकडा आसला का होड्या पन वाकड्या. समद्यांची नाकं पान्याकरं."

कोळसा बोराट्यांच्या हातातच राहिला.

इथं मी थोडा थांबतो, बाळांनो. कड्या, भोकं, पायरी, तिरकी घरं, मीठ आणि पाण्याचा आवाज. सगळं तुमच्यापुढं आहे. बोराट्यांपेक्षा जास्त काही लपवलेलं नाही. मनातल्या मनात चोराचं नाव घ्या आणि मग पुढं चला.

ऊन उतरणीला लागलं होतं. जयदेव शेठच्या दुकानापुढच्या नव्या ओट्याशी बोराट्यांनी सगळ्यांना बोलावलं. जानू नाखवा होते, कासिमभाई होता, धर्माचा हात धरून मैना होती. शेठ गल्ल्यावर हसतमुख.

"नाखवा," बोराटे म्हणाले, "तुम्ही म्हणालात ते खरं होतं. पालखीसमोर पाणी होतं. तुमच्या आज्याच्याही आज्याच्या काळी वखारआळी नव्हतीच. ती खाडीची नाळ होती, गावात शिरलेला अरुंद फाटा. पुनवेच्या भरतीला पाणी थेट आत यायचं, म्हणून आई त्या वेळेला निघते. होड्यांना दुसऱ्या वेळेला आत येताच येत नसे. त्या कड्या होड्या बांधायच्या आहेत. ती पायरी धक्क्याची, सगळ्यात वरची. बाकीच्या तिच्याखाली गाडल्या गेल्यात. नाळ गाळानं भरली, कुणीतरी माती टाकून बुजवली, तिची आळी झाली. पाणी गेलं, पण पालखीनं आपली वाट सोडली नाही."

जानू नाखव्यांचा हात आपोआप टोपीकडे गेला.

"आणि ही घरं आळीला पाठ करून बसलेली नाहीत. तेव्हा तीच त्यांची तोंडं होती. माल होडीतून उतरून सरळ वखारीत जायचा. बाजारपेठ मागून आली, कुणा साहेबानं पट्टी धरून आखली. घरांनी नवी दारं तिकडे काढली, पण भिंती कोण हलवणार? त्या अजून वाकड्या काठाशी काटकोन करून उभ्या आहेत, ओढून ठेवलेल्या होड्यांसारख्या. म्हणून कासिमभाईंचं घर तिरकं. मी सरळ पाठीमागं गेलो आणि चुकलो. पायरीपासून तिरकं आलं, तर माणूस कासिमभाईंकडे पोचत नाही. चार-दोन दुकानं पुढं पोचतो. इथं."

शेठचं हसू जागच्या जागी होतं, पण आता ते चेहऱ्यावर नुसतं ठेवल्यासारखं दिसत होतं.

"जमिनीलगतची ती भोकं म्हणजे वखारींच्या दारांच्या कमानी. दारं मातीत गेली, कमानीचं टोक तेवढं वर राहिलं. आतल्या वखारींची झाली तळघरं. तळघरात उभ्या माणसाच्या डोक्यापाशी कमान येते, आणि पालखी टेकवली की कमानीच्या तोंडाशी येते. बाहेर सगळे पाठ फिरवून, डोळे मिटून उभे. नुसता हात बाहेर काढायचा. हे कुणाला सुचेल? ज्याला आतली कमानही ठाऊक आहे आणि बाहेरची रीतही, त्याला."

"साहेब, माझं तळघर वापरातच नाही," जयदेव शेठ म्हणाले. "ओल असते. तांदूळ कुजतो."

"ओल कसली? आज बारा-एकच्या सुमाराला?"

शेठनी गल्ल्याचं झाकण लावलं.

"नाळ बुजली, पण जुनी मोरी खालून अजून खाडीला मिळते. उधाणाचं पाणी तळघरात घोटाभर चढतं. धर्मानं ऐकला तो तुमच्या पायांचा आवाज. आई गेली असं समजून तो बिचारा गप्प बसला. तुमच्या धोतराचा काठ भिजला, उन्हानं सुकला आणि मीठ वर आलं. ते तुम्ही माझ्याच बाकावर ठेवून गेलात. कान्हा, तळघर उघड."

पोती सरकवली तशी लाकडी झडप दिसली. कान्हा कंदील घेऊन खाली उतरला. ओहोटी लागली होती, खाली नुसता काळा चिखल उरला होता. चिखलात अनवाणी पावलं उमटली होती, कमानीपर्यंत जाऊन परत आलेली. भिंतीतल्या कोनाड्यात, गोणपाटात गुंडाळून, आई होती.

कान्हा तिला दोन्ही हातांनी वर घेऊन आला. 

"मी चोरी नाही केली!" जयदेव शेठ ओरडले. गोडवा पार उतरला होता. "चांदी काय करायचीय मला? उद्या सकाळी आई माझ्या ओट्यावर प्रकट होणार होती. तुम्ही सगळे नाचत आला असता! वर्षातून एकदा पालखी जाते, म्हणून नगरपालिका ती आळी मला बांधायला देत नाही. माझ्या गोदामाची जागा नुसती अडलीय. एका पायरीसाठी!"

"शेट," जानू नाखवा शांतपणे म्हणाले, "त्या पायरीपायी आज एका घराची चूल इझली आसती."

मग ते धर्माकडे वळले. आपली लाल टोपी त्यांनी काढली आणि दोन्ही हातांत धरली. नाखवा कुणापुढं टोपी काढत नसत. धर्मानं पटकन ती घेतली आणि स्वतःच्या हातानं परत त्यांच्या डोक्यावर ठेवली. कासिमभाई मान वळवून उगाच एका चाकाकडे बघत राहिला.

कान्हा शेठना चौकीकडे घेऊन गेला. नव्या ओट्याचा चुना अजून ओलाच होता. त्यावर कुणी टेकलं नाही.

पालखी परत निघाली तेव्हा सूर्य बुडायला आला होता. वाट तीच, वखारआळीची. कुणी दुसरी सुचवली नाही. जाता जाता बोराटेही मागं चालू लागले. जेवण राहिलंच होतं, पण पाय आळीकडे वळले.

पायरी आली. धर्मानं पालखी टेकवली. ढोल थांबला. सगळ्यांनी पाठ फिरवली, शेवाळलेल्या भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. धर्मानं सगळ्यात शेवटी.

बोराट्यांनीही पाठ फिरवली. एक डोळा मात्र त्यांनी किलकिला ठेवला आणि मान जराशी तिरकी. पोलिसाची सवय, दुसरं काय.

त्यांना मैना दिसली. तिनंही पाठ फिरवली होती, डोळेही घट्ट मिटले होते. रीत तिनं मोडली नाही. ती तशीच, न बघता, हातानं चाचपत मागं सरकली. पालखीच्या दांड्याखालून वाकली, पायरीच्या कडेला भिंतीपाशी पोचली, खाली बसली आणि आपली पाठ त्या कमानीच्या तोंडाला गच्च लावली. कमानीतून ओहोटीचा गार, खारट वारा येत असावा, कारण ती एकदा शहारली.

पण शंख वाजेपर्यंत ती तिथून हलली नाही.